अडखळायला शिकवणारी थेरपी

‘कठीण’ म्हणायचं असतं. पण ‘क’ अडणार हे त्याच्या दोन शब्द आधीच कळतं, मग ‘अवघड’ म्हणून वेळ मारून न्यायची. तोतरेपणा असलेल्या अनेकांच्या डोक्यात असा समानार्थी शब्दकोश कायम उघडा असतो. स्वतःच्या नावाला मात्र पर्याय नसतो, आणि नेमकं तिथेच घोडं अडतं.

(बोबडेपणा वेगळा. त्यात ‘र’चा ‘ल’ होतो. इथे उच्चार येतो, फक्त वेळेवर येत नाही.)

दोष जिभेचा, असं फार काळ मानलं जाई. १८४१ मध्ये डीफेनबाख या जर्मन शल्यविशारदाने तर इलाज म्हणून रुग्णांच्या जिभेच्या मुळाशी शस्त्रक्रिया केल्या, त्याही भूल देण्याची सोय नसताना! खरं तर हीच माणसं गाताना सहसा अडखळत नाहीत, चारजणांच्या सुरात सूर मिसळून वाचतानाही नाही. म्हणजे जीभ धडधाकट आहे. पुढचा ध्वनी नेमका कधी सुरू करायचा, हे ठरवणाऱ्या मेंदूतल्या जोडण्यांमध्ये फरक असतो, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा. बहुतेकदा दोन ते पाच वर्षांच्या वयात हे सुरू होतं. बरीचशी मुलं त्यातून बाहेर पडतात; प्रौढांपैकी सुमारे १ टक्का लोकांत ते उरतं.

मग थेरपिस्ट करतो काय? स्वतः तोतरे असलेले अमेरिकी तज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर यांची पद्धत मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. अडखळणं थांबवण्याच्या मागे न लागता ते सैल करायचं. शब्द अडला की जोर लावायचा नाही. तो कसाबसा पुरा करून थांबायचं, ओठ-जबडा कुठे आवळला होता ते तपासायचं आणि तोच शब्द हळुवार पुन्हा म्हणायचा. सरावाने हा सैलपणा शब्द अडलेला असतानाच आणता येतो, नंतर तर तो सुरू करण्याआधीच. ‘प’साठी ओठ दाबायचे नाहीत, नुसते टेकवायचे.

जोर कुठून येतो? बराचसा लपवण्याच्या धडपडीतून. म्हणून एक विचित्र गृहपाठ दिला जातो: मुद्दाम तोतरं बोला. आधी थेरपिस्ट स्वतः अनोळखी माणसाला फोन लावतो आणि खुशाल अडखळतो. मग पाळी तुमची. पलीकडून ‘कोण बोलतंय?’ असं विचारलं, की स्वतःच्या नावाच्या पहिल्याच अक्षरावर, ठरवून, सावकाश अडखळायचं.