कॅमचा एक अंश

गेल्या महिन्यात भाच्याने फोटो पाठवला. निळीशार, दातेरी, मधे पाच बोल्ट असलेली ॲल्युमिनियमची चकती. खाली लिहिलेलं, "मामा, ॲडजस्टेबल कॅम गिअर. चार अंश ॲडव्हान्स केला की पिकअप वीस टक्के वाढतो म्हणे. बसवू?"

मी विचारलं, "चार अंश, पण कुठून?"

"गिअरवर खुणा आहेत ना!"

हा लेख त्या उत्तरामुळे लिहितोय. कॅम म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे, शाफ्टवरचे उंचवटे. कॅम गिअर म्हणजे तो शाफ्ट फिरवणारी चकती, आणि ॲडव्हान्स म्हणजे व्हॉल्व्हची वेळ अलीकडे आणणं.

शाळेत फोर-स्ट्रोक इंजिनाची आकृती आपण सगळ्यांनीच काढली आहे. पिस्टन खाली जाताना इनटेक व्हॉल्व्ह उघडा, तळाला पोचला की बंद, मग वर येताना कॉम्प्रेशन. परीक्षेला एवढं पुरतं. प्रत्यक्षात पिस्टन तळाला पोचतो तेव्हा व्हॉल्व्ह चांगला उघडाच असतो. क्रँक, म्हणजे पिस्टनला जोडलेला फिरता दांडा, तिथून पुढे आणखी चाळीस, पन्नास, कधी साठ अंश फिरतो, पिस्टन वर यायला लागलेला असतो, आणि मग कुठे हे दार बंद होतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, आत आलेली हवा बाहेर नाही का जाणार?

जुन्या इमारतीत राहिलेल्यांना याचं उत्तर माहीत असतं, फक्त त्यांनी ते इंजिनाला लावलेलं नसतं. नळ झटकन बंद केला की भिंतीतला पाइप धाडकन दणकतो. पाइपमधलं पाणी वेगात असतं, तोटी बंद झाली म्हणून ते जागच्या जागी थांबत नाही, मागचा लोंढा पुढे आदळतो. हवेलाही वजन आहे. ४०० सीसीच्या एका सिलिंडरमध्ये मावते ती हवा अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी, पण तिचा वेग बघा.

उदाहरणाला होंडाचं बी-१६-ए घेऊ. १९८९ साली जपानमध्ये इंटेग्रा गाडीत आलेलं १५९५ सीसीचं इंजिन, टर्बो नसताना १६० पीएस देणारं. जगभरच्या हौशी लोकांनी सर्वाधिक कॅम गिअर ज्या इंजिनांना लावले असतील, त्यांत याचा नंबर नक्की वरचा. याचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ७७.४ मिलिमीटर. म्हणजे ६००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेपंधरा मीटर. व्हॉल्व्हकडे येणारी वाट पिस्टनच्या क्षेत्रफळाच्या साधारण सहावा भाग धरली, तर त्या वाटेत हवा सेकंदाला ९० मीटरच्या आसपास धावते. ताशी सव्वातीनशे किलोमीटर. या वेगाची हवा थांबवली तर तिचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ५ टक्क्यांनी चढतो. पिस्टन वर येऊ लागला तरी ही धावती हवा त्याला न जुमानता आत कोंबली जाते. तेवढा वेळ दार उघडं ठेवायचं. वेळ तरी किती? ६००० आरपीएमला ५० अंश म्हणजे एका सेकंदाचा हजारावा भाग, वर थोडा.

आता तेच इंजिन १५०० आरपीएमला, सिग्नलवरून निघताना. हवेचा वेग चौथाई झाला, आणि दाब वेगाच्या वर्गावर अवलंबून, म्हणून तो फायदा सोळाव्या भागावर आला. पाव टक्का, अर्धा टक्का. पण दार मात्र त्याच ५० अंशांपर्यंत उघडं. या इंजिनात ५० अंशांना पिस्टन तळापासून साडेदहा मिलिमीटर वर आलेला असतो, आणि वर येताना तो आत आलेली हवा सरळ इनटेकमध्ये परत ढकलतो. गाडी कमी आरपीएमला मेल्यासारखी चालते आणि जास्त आरपीएमला पळते, त्याचं एक मोठं कारण हे.

म्हणजे इनटेक बंद होण्याची वेळ ही तडजोड असते. लवकर बंद केला तर खालचा टॉर्क मिळतो, वर इंजिन गुदमरतं. उशिरा केला तर उलट. होंडाने यावर एकाच शाफ्टवर सौम्य आणि आक्रमक असे दोन प्रकारचे कॅम ठेवले आणि ठरावीक वेगाला एकावरून दुसऱ्यावर उडी मारली. व्हीटेक ते हेच. त्याआधी १९८० मध्ये अल्फा रोमिओने अख्खा कॅमशाफ्टच थोडा फिरवायची यंत्रणा विक्रीच्या गाडीत घातली होती. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत ऑइलच्या दाबावर चालणारा फेझर तेच काम चालता चालता करतो. अशा गाडीला बाहेरून आणलेला गिअर लावण्यात अर्थ नाही, तिचा गिअर आधीच संगणकाच्या हातात आहे.

ज्यांच्याकडे ही सोय नाही, त्यांचं काय? क्रँकवरून कॅम फिरवणाऱ्या पट्ट्याचा एक दात सरकवून बघू म्हणाल, तर कॅमच्या पुलीवर ४० दात असतील तेव्हा एक दात म्हणजे ९ अंश. आणि कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकचे १८. ही बारीक सुधारणा नव्हे, अपघात आहे. ॲडजस्टेबल गिअरमध्ये दात असलेलं बाहेरचं कडं आणि शाफ्टला बसणारा आतला भाग वेगळे असतात. मधल्या लांबट खाचांमधले बोल्ट सैल करायचे, आतला भाग अंशभर फिरवायचा, पुन्हा आवळायचे. गिअर म्हणायचं, पण आहे ती पुलीच. त्यावरची एक रेघ कॅमचा अंश की क्रँकचा, हे सोबतच्या कागदावर बघून घ्यावं. हौशी माणसं इथेच दुप्पट चुकतात.

वीस टक्क्यांचा हिशेबही करून टाकू. कॅम दोन अंश पुढे घेतला म्हणजे क्रँकचे चार. दार बंद होताना पिस्टन साडेदहाऐवजी नऊ मिलिमीटरवर असेल. फरक दीड मिलिमीटर, स्ट्रोकच्या दोन टक्के. खाली जे काही मिळवायचं ते या घरात, आणि तेही वरच्या आरपीएमला थोडं सोडून.

दोन कॅमशाफ्ट असतील तर गंमत वाढते. टीडीसी म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतो तो बिंदू, आणि मध्य म्हणजे व्हॉल्व्ह सर्वाधिक उघडा असतो तो क्षण. इनटेकचा मध्य टीडीसीनंतर ११० अंशांवर आणि एक्झॉस्टचा टीडीसीआधी ११० वर असेल, तर दोन्ही कॅममधला कोन, कॅमच्या अंशांत, ११०. फक्त इनटेक क्रँकचे चार अंश पुढे घेतला की तो मध्य १०६ वर येतो, दोघांमधला कोन (१०६ + ११०) ÷ २ = १०८ होतो, आणि दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, चार अंशांनी वाढतो. एकच शाफ्ट असेल तर यातलं काही होत नाही. इनटेकबरोबर एक्झॉस्टही पुढे सरकतो, जळत्या वायूचं पिस्टन ढकलायचं काम पुरतं संपायच्या आत दार उघडतो, आणि एका हाताने मिळालेलं थोडं दुसऱ्या हाताने जातं. भाच्याच्या वीस वर्षं जुन्या सेडानला एकच शाफ्ट आहे.

पण त्या गाडीचा खरा रोग वेगळा होता. घाटात दोनदा तापली, दोनदा हेड, म्हणजे कॅम ज्यात बसतो ते सिलिंडरवरचं झाकण, त्याखालचं गॅस्केट गेलं, दोनदा हेड फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून आणलं. दर खेपेला अंदाजे अर्धा मिलिमीटर धातू खरवडला गेला. हेड खाली बसलं की कॅम आणि क्रँकमधलं अंतर कमी होतं. पट्ट्याच्या ओढणाऱ्या बाजूला तेवढी ढील येते, आणि ती भरून काढायला कॅम मागे राहतो. ४० दातांच्या पुलीचा घेर साधारण ३८० मिलिमीटर. एक मिलिमीटर म्हणजे कॅमचा जवळपास एक अंश, क्रँकचे दोन. इनटेक उशिरा बंद, खालचा पिकअप कमी. खुणा मात्र डोळ्यांना तंतोतंत जुळलेल्या. आमच्याकडे पत्रिका जुळवतात तशाच या खुणा जुळवतात. छत्तीस गुण जुळले की पुढचं कुणी बघत नाही.

एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसलो. डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं घड्याळ, शेजारच्या गॅरेजमधून आणलं. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागलेलं होतं, एरवी ते डबीतून निघाल्याच्या खुणा नव्हत्या. चारही प्लग काढले, म्हणजे इंजिन हाताने फिरतं. क्रँकला ३६० अंशांची तबकडी लावली, हँगरची तार वाकवून काटा केला.

आधी टीडीसी. पिस्टन कधी सर्वांत वर आहे हे बघून कळत नाही, कारण तिथे तो जवळजवळ हलतच नाही. बी-१६-एमध्ये टीडीसीपासून क्रँक पाच अंश फिरवला तरी पिस्टन जेमतेम ०.२ मिलिमीटर खाली येतो. मग करायचं असं. जुन्या स्पार्क प्लगचं पोट पोकळ करून त्यात बोल्ट बसवायचा, तो प्लगच्या भोकात घालायचा. पिस्टन वर येऊन त्याला अडतो. हलक्या हाताने एका बाजूने फिरवून आकडा घ्यायचा, मग उलट फिरवून दुसरा. आम्हाला ३४ आणि ४० मिळाले. दोन्हीकडे ३७ हवेत, म्हणून काटा तीन अंश सरकवला. आता शून्य खरं. अडणीचा बोल्ट काढायला मात्र विसरायचं नाही.

कॅमच्या माथ्याचंही हेच, तोही सपाट. डायल गेज इनटेक व्हॉल्व्हच्या रिटेनरवर, म्हणजे त्याची स्प्रिंग धरणाऱ्या वाटीवर टेकवलं, सर्वाधिक उघडीप बघितली, आणि माथ्याच्या १.२७ मिलिमीटर खाली दोन्ही उतारांवर आकडे घेतले. चढताना ७२, उतरताना १५२. बेरीज २२४, निम्मे ११२. मॅन्युअलप्रमाणे ११० हवेत. क्रँकचे दोन अंश मागे, हिशेबाने निघाले होते तेवढेच.

निळ्या चकतीचे बोल्ट सैल केले, कॅम एक अंश पुढे घेतला, आवळले, पुन्हा मोजलं. ११०. मग सेल्फ न मारता क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवला. कुठे व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असेल तर हाताला आधी कळतं, सेल्फला कळेपर्यंत व्हॉल्व्ह वाकलेला असतो. चार अंशांसारखी मोठी उडी घेणाऱ्याने तर हेड उघडं असतानाच पिस्टनच्या डोक्यावर मुलांच्या खेळातली क्ले थापून, हेड बसवून, इंजिन फिरवून किती जागा उरते ते मोजावं. इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या सर्वांत जवळ येतो तो टीडीसीला नव्हे, त्यानंतर दहाएक अंशांनी.

गाडी आता दुसऱ्या गिअरमध्ये सोसायटीचा चढ कुरकुर न करता चढते. निळ्या चकतीवरची रेघ शून्याच्या एक घर पुढे आहे. भाचा मित्रांना सांगतो, एक अंश ॲडव्हान्स केलाय. मी सांगतो, शून्यावर आहे.