जीवाणुस्तंभक

जीवाणूंना थेट न मारता त्यांची वाढ रोखून धरणारे औषध म्हणजे जीवाणुस्तंभक. डॉक्टरांच्या तोंडी ‘बॅक्टेरिओस्टॅटिक’ हाच शब्द असतो. त्यातला ‘बॅक्टेरिऑन’ म्हणजे ग्रीक भाषेत छोटी काठी. सूक्ष्मदर्शकाखाली काठीसारख्या दिसणाऱ्या जीवांना जर्मन शास्त्रज्ञ एरेनबर्ग यांनी १८२८ मध्ये हे नाव दिले. ‘स्टॅटिकॉस’ म्हणजे थांबवणारा. त्याचा धातू आणि संस्कृतातला ‘स्था’ एकाच मुळातून आलेले आहेत. चरकसंहितेतल्या सहा उपक्रमांत ‘स्तंभन’ आहेच, म्हणून ‘स्तंभक’ हा प्रतिशब्द आपल्याला परका वाटू नये. गोव्यात १८४२ मध्ये पणजीला सुरू झालेल्या वैद्यकीय विद्यालयात शिक्षण पोर्तुगीजमधून चाले. त्या भाषेतला ‘बाक्तेरिओश्तातिकु’ही याच ग्रीक घरचा.

या औषधांना सरसकट ‘जंतुनाशक’ म्हणणे चूक आहे. नाश करणारी औषधे वेगळी: पेनिसिलिन जीवाणूची भिंतच नीट बांधू देत नाही आणि तो फुटतो. डॉक्सिसायक्लिन मात्र जीवाणूच्या पेशीतली प्रथिनांची निर्मिती अडवते. जीवाणू जिवंत राहतो, पण वाढत नाही. खाडीकाठच्या खाजन शेतीतली मानस, म्हणजे बांधातली दारांची मोरी, पाहिलेल्याला हे लगेच उमगेल. भरतीला तिची दारे मिटतात आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. मुरलेला खार मात्र पावसानेच धुऊन निघतो. इथे पावसाचे काम शरीरातल्या पांढऱ्या पेशी करतात. पावसाळ्यात चिखलात राबणाऱ्यांना होणाऱ्या लेप्टोवर, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जीवाणूंमुळे येणाऱ्या तापावर, डॉक्सिसायक्लिन देतात. ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या, तर थांबलेले जंतू पुन्हा वाढू शकतात. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करायचे ते यासाठी.

प्रयोगशाळेत फरक असा कळतो: औषध घातलेल्या नळीत वाढ थांबली की त्यातला थेंब जंतू वाढवण्याच्या औषधविरहित माध्यमावर पसरतात. तिथे जंतूंच्या भरपूर वसाहती उगवल्या तर औषध स्तंभक. चोवीस तासांत ९९.९ टक्के जंतू मेले असतील तर ते नाशक ठरते. ही रेघ माणसानेच आखलेली आहे. क्लोरॅम्फेनिकॉल अनेक जंतूंना फक्त थांबवते, पण मेंदूज्वराच्या काही जंतूंना मारते. लिनेझोलिडही स्टॅफिलोकॉकसपुढे स्तंभक आणि स्ट्रेप्टोकॉकसच्या बहुतेक प्रकारांपुढे नाशक. त्यामुळे कोणत्या जंतूविरुद्ध, हे सांगितल्याशिवाय ‘स्तंभक’ हे विशेषण अपुरेच राहते.