मागे पडलेल्या टॅबलेटची किंमत बरोबर आहे का?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मागे पडलेला, म्हणजे इतरांपेक्षा कमी खपणारा टॅबलेट. काउंटरवर त्याच्या किमतीचा प्रश्न दोन तऱ्हांनी येतो. एक, "हा त्याच्यापेक्षा इतका स्वस्त कसा? काही खोट आहे का?" आणि दुसरा बरोबर उलटा, "याला कोणी विचारत नाही म्हणता, मग किंमत त्याच्याएवढीच का?" दोन्ही रास्त आहेत. पण मागे तीन माणसं उभी असताना उत्तर घाईत उरकलं जातं, म्हणून हे पत्रक.

आम्ही टॅबलेट विकतो आणि दुरुस्तही करतो, त्यामुळे यावर आमच्यातच एकमत नाही. काउंटरवरचा म्हणतो, जे खपत नाही त्याची किंमत चुकलेली असते, बाकी सगळा काथ्याकूट. दुरुस्तीच्या टेबलावरचा म्हणतो, आधी वस्तू चुकते, किंमत फक्त ते उघड करते. हे पत्रक लिहिणारा टेबलाच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

टचपॅडचं काय झालं

हा वाद निघाला की आमच्याकडे एकच उदाहरण पुढे येतं. एचपी या संगणक कंपनीने १ जुलै २०११ रोजी अमेरिकेत टचपॅड नावाचा टॅबलेट विकायला काढला. १६ जीबीचा ४९९ डॉलरला, ३२ जीबीचा ५९९ ला. समोर ॲपलचा आयपॅड २ होता आणि त्याचीही सुरुवात ४९९ पासूनच. पडदा दोघांचा ९.७ इंची, पडद्यावरचे ठिपके (पिक्सेल) दोघांचे १०२४ गुणिले ७६८. कागदावर बघाल तर तोडीस तोड.

आता दोन्ही हातात घ्या. टचपॅड ७४० ग्रॅम, आयपॅड २ सुमारे ६०० ग्रॅम. १४० ग्रॅमचा फरक वाचताना किरकोळ वाटतो, पण आडवं पडून अर्धा तास धरलं की मनगट त्याचा हिशेब देतं. जाडी जवळजवळ १४ मिलिमीटर, आयपॅड २ नऊच्या आत. टचपॅडला मागे कॅमेराही नाही. आणि खरी अडचण आतली: टचपॅडच्या पडद्यासाठी बेतलेली ॲप्स सुरुवातीला तीनशेच्या आसपास, तर आयपॅडसाठीची तोवर एक लाखाच्या घरात पोचलेली. वेबओएस ही त्याची प्रणाली वापरायला छान होती. एकाच वेळी उघडी असलेली कामं पत्त्यांसारखी समोर मांडून सरकवायची तिची पद्धत नंतर इतरांनीही उचलली. पण छान प्रणालीवर चालवायला काही हवं ना?

ऑगस्टमध्ये किंमत १०० डॉलरने उतरवली. तरी फार काही हललं नाही. १८ ऑगस्टला एचपीने उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि दोन दिवसांत किंमत ९९ आणि १४९ डॉलरवर आणली. मग मात्र तोच टॅबलेट हातोहात गेला.

काउंटरवरचा इथे बोट ठेवतो: बघा, किंमत बरोबर लावली तर खपला की नाही! पण टचपॅडचे सुटे भाग आणि जोडणी यांचाच खर्च त्या वेळी ३०० डॉलरच्या आसपास धरला गेला होता. ९९ ही विक्रीची किंमत नव्हती, ती गोदाम रिकामं करण्याची होती. ३९९ ला लोक घेईनात आणि ३०० च्या खाली कंपनीला परवडेना. मग 'बरोबर' किंमत होती कुठे? आमच्या मते नव्हतीच. काही वस्तूंच्या बाबतीत लोक जेवढे द्यायला तयार असतात, तेवढ्यात त्या बनतच नाहीत.

कंपनीचा तोटा हा अर्थात तुमचा तोटा नव्हे. ९९ डॉलरला घेणाऱ्यांतल्या अनेकांना तो पुढे चांगला लाभला, कारण हौशी प्रोग्रामरांनी त्याच वर्षी त्यावर अँड्रॉइड चालवून दाखवलं. ज्यांना ती खटपट जमणारी नव्हती त्यांच्याकडे वेबओएसच राहिलं आणि त्याच्या ऑनलाइन सेवा जानेवारी २०१५ मध्ये बंद झाल्या.

प्रतिस्पर्धी स्वस्त असतो तेव्हा

"तो १९९ ला देतो, मग हा का नाही?" ही तुलना करताना समोरचा पैसे कशावर कमावतो ते बघावं लागतं. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०११ मध्ये किंडल फायर हा टॅबलेट १९९ डॉलरला आणला, तेव्हा त्याचा बनवण्याचा खर्चच जवळपास तेवढा असल्याचे अंदाज होते. यंत्रं आपण खर्चाच्या भावात विकतो, असं ॲमेझॉनचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी पुढच्या वर्षी सांगितलंही. कमाई पुस्तकं, चित्रपट आणि खरेदीवर. २०१२ चा गूगलचा नेक्सस ७ सुद्धा १९९ डॉलरलाच निघाला, त्याच हिशेबाने. ज्या कंपनीकडे यंत्राखेरीज विकायला काही नाही तिने या भावाशी बरोबरी करायची म्हणजे पदरमोडच.

म्हणून फार स्वस्त टॅबलेट दिसला की आम्ही विचारतो, याचे उरलेले पैसे कोण भरतंय? कधी उत्तर असतं जाहिराती: पडदा उघडला की आधी जाहिरात दिसते. कधी आधीच भरलेली, काढता न येणारी ॲप्स. कधी डेटाच्या योजनेत अडकवलेली दोन वर्षं. यात वाईट काही नाही, फक्त ते किमतीत धरायचं.

खोक्यावर न छापलेली किंमत

याचा नमुना म्हणजे मायक्रोसॉफ्टचा सरफेस आरटी. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंमत ४९९ डॉलर, पुन्हा आयपॅडच्या रांगेत. पण जाहिरातीत खटकन जोडला जाणारा कीबोर्ड त्यात नव्हता, त्याच्यासह ५९९. साठवण ३२ जीबी लिहिलेली, त्यातली वापरायला मोकळी साधारण १६, उरलेली प्रणालीने आणि सोबतच्या कार्यक्रमांनी व्यापलेली. नाव विंडोज, पण जुने विंडोजचे प्रोग्राम त्यावर चालत नव्हते. जुलै २०१३ मध्ये किंमत ३४९ वर आली आणि कंपनीने ९० कोटी डॉलरचा फटका खतावला.

ब्लॅकबेरीच्या प्लेबुकची गंमत आणखी वेगळी. एप्रिल २०११ मध्ये तो ४९९ डॉलरला आला तेव्हा त्यात स्वतःचं ईमेल ॲपच नव्हतं. ते फेब्रुवारी २०१२ च्या अपडेटमध्ये मिळालं. ज्या कंपनीचं नाव ईमेलवर मोठं झालं तिच्याच टॅबलेटमध्ये ही अवस्था! तोवर त्याची किंमत १९९ पर्यंत घसरली होती.

आजच्या टॅबलेटमध्ये हेच प्रकार बारीक अक्षरांत असतात. '८ जीबी रॅम' असं मोठं आणि खाली '४ + ४' असं बारीक दिसलं, तर खरी रॅम, म्हणजे चालू कामं धरून ठेवणारी वेगवान जागा, ४ आहे. उरलेली ४ म्हणजे साठवणीतला तुकडा रॅमसारखा वापरलेला, आणि तो रॅमपेक्षा कितीतरी मंद असतो. साठवणही दोन जातींची: संथ ईएमएमसी आणि वेगवान यूएफएस. दोन्हीवर १२८ जीबीच लिहिलेलं असतं, पण ईएमएमसीवाला टॅबलेट ॲप्स अपडेट होत असताना बोटाला उशिरा प्रतिसाद देतो. नव्या कोऱ्या नमुन्यावर हे जाणवत नाही, भरल्यावर जाणवतं. "पहिले सहा महिने मस्त चालला" ही तक्रार आमच्याकडे बहुतेक वेळा इथूनच येते.

आणि एक गोष्ट, जी जवळजवळ कोणी विचारत नाही. अँड्रॉइड टॅबलेट चित्रपटांसाठी घेत असाल तर त्याला वाइडवाइन एल१ आहे का बघा. वाइडवाइन म्हणजे चित्रपटांची नक्कल रोखणारं कुलूप (डीआरएम); एल१ ही त्याची वरची पातळी, एल३ खालची. एल३ असेल, तर पडदा कितीही धारदार असो, पैसे भरून घेतलेल्या बऱ्याच चित्रपटसेवा त्यावर साध्या ४८० ओळींच्या दर्जाचंच चित्र पाठवतात. हे खोक्यावर सापडत नाही. डीआरएमची माहिती दाखवणाऱ्या फुकट ॲपमध्ये दिसतं. मागा, काउंटरवरच दाखवू.

सेटिंग्जमध्ये 'टॅबलेटविषयी' उघडून सुरक्षा पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या शेवटच्या अपडेटची, तारीखही वाचा. वाय-फाय जोडून, अपडेट तपासूनही ती वर्षभर जुनी असेल, तर कंपनीचं त्या मॉडेलवरचं लक्ष उडालेलं आहे. तिथे सवलत कितीही मोठी असली तरी आम्ही घासाघीस करायला सांगतो. अर्थात खपणाऱ्याचंही वय होतंच. २०१० चा पहिला आयपॅड सप्टेंबर २०१२ च्या आयओएस ६ या ॲपलच्या नव्या प्रणालीतून वगळला गेला होता, म्हणजे अडीच वर्षांच्या आत. आता परिस्थिती सुधारली आहे, काही कंपन्या आपल्या वरच्या मॉडेलांना ७ वर्षांपर्यंत अपडेट जाहीर करतात. एकूण किंमत भागिले अपडेटची उरलेली वर्षं, हा भागाकार कागदावर करून बघा. महाग वाटणारा टॅबलेट त्यात अनेकदा स्वस्त पडतो.

दुरुस्तीच्या टेबलावरून

टॅबलेट पडतोच. इथे स्वस्त टॅबलेटच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो मांडायला हवा. महागड्या टॅबलेटमध्ये वरची काच आणि खालचा पडदा एकजीव चिकटवलेले असतात. दिसायला सुंदर, पण काचेला तडा गेला की दोन्ही एकत्रच बदलावे लागतात. साध्या टॅबलेटमध्ये काच बहुधा वेगळी असते. कडा गरम करून ती सोडवता येते आणि आतला पडदा शाबूत राहतो.

पण त्यासाठी काच मिळायला हवी. मागे पडलेल्या मॉडेलचं खरं दुखणं हे आहे. ते कमी विकलं जातं, म्हणून त्याची काच, बॅटरी, चार्जिंगचं सॉकेट कोणी फारसं ठेवत नाही. मग तो भाग दुसऱ्या मोडक्या टॅबलेटमधून काढावा लागतो किंवा आठवडेच्या आठवडे वाट बघावी लागते, आणि बिल नाकापेक्षा मोती जड असं होतं. कव्हरचंही तेच, नेमक्या मापाचं कव्हर मिळालं नाही की लोक तसाच वापरतात, आणि तोच आमच्याकडे आधी येतो. त्यामुळे असा टॅबलेट विकताना आम्ही त्याच्या सुट्या भागांची त्या दिवशीची स्थिती पावतीवर लिहून देतो.

मग कधी घ्यावा?

काम एकच आणि ठरलेलं असेल तर बिनधास्त. पुस्तकं वाचायची, गाण्याच्या रियाजाला स्वरलिपी समोर ठेवायची, दुकानात दरपत्रक दाखवत ठेवायचं, लांबच्या प्रवासात उतरवून ठेवलेले व्हिडिओ बघायचे. अशा ठिकाणी ॲपचा दुष्काळ आड येत नाही. बँकेची ॲप्स, मुलांचा अभ्यास, कार्यालयाचं काम, असं सगळं त्याच्यावर टाकायचं असेल, तर आम्ही नको म्हणतो, आणि त्यात आमची विक्री बुडते हे आम्हाला कळतं.

चित्र काढण्यासाठी घेत असाल तर 'पेन चालतो' या शब्दांवर जाऊ नका. रबरी टोकाचा पेन कुठल्याही पडद्यावर चालतो. तळहात पडद्यावर टेकवा आणि चार ओळी लिहा. हाताखाली रेघा उमटल्या, किंवा दाब वाढवून रेघ जाड झाली नाही, तर तो टॅबलेट त्या कामाचा नाही.

किंमत अचानक उतरली तर विचारा: नवं मॉडेल येतंय, की हेच बंद होतंय? पहिलं असेल तर घेण्याची वेळ उत्तम. दुसरं असेल तर वर लिहिलेलं सगळं डोक्यात ठेवून ठरवा. आम्हाला माहीत असेल तर सांगू.

विचारायला येताना मॉडेलचं नाव नको, क्रमांक आणा. एकाच नावाखाली दोन वेगळे टॅबलेट विकले जातात. जुना टॅबलेट बदली द्यायचा असेल तर घरूनच त्यातल्या खात्यातून बाहेर पडून या. पासवर्ड आठवेना म्हणून परत गेलेली माणसं आम्ही आता मोजत नाही.