बागेतलं कारंजं आणि मंदीचा ताप

परवा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका नव्या बागेचा फोटो फिरत होता. कारंजं सुरू, पायवाटेवर लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक आणि खाली ओळ: ‘सरकार बागांवर खर्च करतंय, म्हणजे मंदी संपली!’ पटापट अंगठे पडले. तर्क वरवर बिनचूक वाटतो. हातात चार पैसे खेळायला लागले की माणूस घराला रंग देतो. सरकारही तसंच करत असणार.

पण ताप उतरल्यावर रोग्याला आंघोळ घालतात, आणि ताप चढला की कपाळावर पाण्याच्या पट्ट्याही ठेवतात. नुसता ओला टॉवेल बघून रोगी बरा झाला की तापाने फणफणलाय, हे कळत नाही.

१९३६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरात एकामागून एक ११ सार्वजनिक जलतरण तलाव उघडले. त्यातल्या ॲस्टोरियाच्या तलावात त्याच वर्षीच्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या जलतरणपटूंची निवड चाचणी झाली. फोटो पाहून कुणालाही वाटेल, काय सुबत्ता! प्रत्यक्षात महामंदी सुरू होती. १९३३ मध्ये अमेरिकेत चारातला एक कामकरी बेकार होता, आणि या तलावांवर राबणारी माणसंही ‘वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन’ या केंद्र सरकारच्या बेकारी निवारण योजनेतली होती. तलाव बांधले गेले ते हाताला काम नव्हतं म्हणून.

आता माझा आवडता भाग. १९३३ मध्येच ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ नावाची आणखी एक योजना निघाली होती. अविवाहित तरुणांनी रानात छावणीत राहायचं, झाडं लावायची, उद्यानांतले रस्ते आणि पायवाटा बांधायच्या. पगार महिना ३० डॉलर, पण त्यातले साधारण २५ थेट घरी धाडले जायचे. ही अट मला फार हुशारीची वाटते. का, ते बघा.

घरी आलेले २५ डॉलर आई साठवून ठेवत नाही, कारण वाण्याची उधारी थकलेली असते. समजा, ती त्यातले ८० टक्के, म्हणजे २० डॉलर खर्चते. हे २० वाण्याची कमाई झाले. तोही ८० टक्के खर्चतो: १६. ते पिठाच्या गिरणीवाल्याकडे जातात, तो १२.८० खर्चतो. साखळी लांबत जाते, आकडे लहान होत जातात. शाळेतली भूमिती श्रेढी आठवते? नसली तरी चालेल, एक सोपी युक्ती आहे. सगळ्यांच्या कमाईची बेरीज ‘क’ धरा. पहिले २५ सोडले, तर उरलेली सगळी साखळी म्हणजे मूळ साखळीच, फक्त प्रत्येक आकडा ०.८ पट. म्हणून क = २५ + ०.८ क. म्हणजे ०.२ क = २५, आणि क = १२५. सरकारने दिले २५, लोकांची कमाई वाढली १२५ ने!

याला अर्थशास्त्रात ‘गुणक’ म्हणतात. १९३१ मध्ये रिचर्ड कान या केंब्रिजच्या तरुण अर्थतज्ज्ञाने ही कल्पना मांडली आणि पुढे जॉन मेनार्ड केन्स या नामवंत ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने ती आपल्या सिद्धांतात मध्यभागी बसवली. त्या ०.८ चं नाव ‘सीमांत उपभोग प्रवृत्ती’. नाव अवजड आहे, पण अर्थ एवढाच: जादाच्या रुपयातले किती पैसे माणूस खर्च करतो. गरिबाच्या घरी हा आकडा मोठा असतो, श्रीमंताच्या घरी छोटा.

अर्थात ही काही जादूची थैली नाही. दर फेरीला पैसा गळतो: थोडी बचत, थोडा कर, थोडा परदेशी माल. गळती धरून ०.८ चे ०.४ झाले, तर १२५ चे जेमतेम ४२ उरतात. म्हणून आयात केलेले दिवे लावलेली बाग आणि गावच्या गवंड्यांनी घडवलेली बाग, खर्च सारखा असला तरी स्थानिक अर्थव्यवस्थेला सारखी नसते. आणि गवंडी आधीच कामात गुंतलेले असतील, तर नवं काम निघत नाही, नुसती मजुरी आणि सिमेंट महागतं. गुणक जोरात चालतो तो हात रिकामे असताना.

आपल्याकडे हे नवं नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर लोक पाझर तलावांवर आणि खडी फोडायला गेले. त्या काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी पाठपुरावा केलेल्या रोजगार हमीचा १९७७ मध्ये कायदा झाला. तेव्हा खडीचे ढीग पाहून ‘सुकाळ आला’ असं कुणी म्हटलं नाही.

अमेरिकेत मात्र घाई झाली. परिस्थिती सुधारतेय म्हणून १९३७ मध्ये रूझवेल्ट सरकारने खर्च कापला, मध्यवर्ती बँकेनेही पैसा आवळला, आणि बेकारी सुमारे १४ वरून १९ टक्क्यांवर गेली. ओला टॉवेल बघून ताप उतरल्याचं ठरवलं, ते असं.

मग हा खर्च कधीच सुधारणेची खूण नसतो का? असतो, पण पैसा कुणाचा ते बघावं लागतं. महापालिकेला नोटा छापता येत नाहीत, मनाला येईल तितकं कर्जही काढता येत नाही. तिचं उत्पन्न आटलं की पहिली कुऱ्हाड बागेवर पडते. १९७५ मध्ये न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या तोंडाशी होती, तेव्हा सेंट्रल पार्कची रया गेली होती. म्हणून पालिकेने स्वतःच्या करातून बाग केली, तर तिजोरी सावरल्याची शक्यता आहे. केंद्राने मंदीत पैसा ओतला असेल, तर ती पाण्याची पट्टी.

आपल्याकडे तिसरंही कारण असतं, ते कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही: मार्च एंड. निधी परत जाऊ नये म्हणून धडधाकट फूटपाथ उखडून पुन्हा तेच ब्लॉक बसवतात. मुहूर्त पंचांगात बघून नारळ फोडला तरी खरा मुहूर्त ३१ तारखेचाच असतो.

ग्रुपवर मी एवढंच विचारलं की बागेच्या फाटकावरच्या फलकाचा फोटो कुणी टाकेल का. आला. मान्यवरांची नावं सात, निधीचा रकाना कोरा. कामाच्या आदेशाची तारीख मात्र स्पष्ट होती: १८ मार्च.