शर्करावाहक प्रथिने

शर्करावाहक प्रथिने : कोशिकापटलात रुतलेली आणि स्वतःचा आकार बदलून शर्करेचे रेणू पटलापलीकडे नेणारी प्रथिने. पटलाचा गाभा मेदाचा असल्याने जलस्नेही ग्लुकोजला त्यातून सहज वाट मिळत नाही. चॅनेल म्हणजे पटलातील आरपार मार्ग; त्याची दोन्ही तोंडे एकाच वेळी उघडी असू शकतात, वाहकाची मात्र तशी उघडत नाहीत. रेणू आत शिरला की मागचे तोंड मिटते आणि मगच पुढचे उघडते.

ही कल्पना मुळात कोणाची, याविषयी एकवाक्यता नाही. मेंढीच्या वारेतून ग्लुकोज ज्या रीतीने जाते ते साध्या विसरणाने उलगडत नाही, हे विडास यांनी १९५२ मध्ये गणिताने दाखवले; परंतु त्यांचा वाहक पटलात अलीकडून पलीकडे फिरत असे. वाहक जागेवरच राहतो, फक्त त्याचे बंधनस्थान आळीपाळीने दोन्ही बाजूंना खुले होते, असा विचार मिचेल व पॅटलॅक यांच्या १९५७ च्या लेखनात आढळतो. श्रेय मात्र बहुधा जार्डेट्स्की यांच्या १९६६ मधील टिपणाला दिले जाते. त्यांनी तीन अटी घातल्या : रेणू मावेल अशी पोकळी, तिची दोन बाजूंना उघडणारी दोन रूपे आणि त्या रूपांत रेणूविषयीची कमीअधिक ओढ. तिसरी अट ऊर्जा खर्चणाऱ्या पंपासाठी आहे. ग्लूट-१ (ग्लूट कुळातील एक ग्लुकोजवाहक) सारख्या, केवळ उताराच्या दिशेने, म्हणजे जास्त संहतीकडून कमी संहतीकडे, वाहणाऱ्या प्रथिनाला ती लागू करण्याचे कारण नाही. त्यामुळे शर्करेपुरता हा विचार १९५७ चा मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

तांबड्या रक्तकोशिकांतील ग्लूट-१ मध्ये ४९२ ॲमिनो अम्ले व पटल ओलांडणारी १२ सर्पिले (प्रथिनसाखळीचे मळसूत्री भाग) असून ती सहा-सहाच्या दोन जुडग्यांत विभागलेली आहेत. ग्लुकोज या जुडग्यांच्या फटीत बसते. जुडगी एकमेकांवर कलली की फटीचे तोंड फिरते. ही हालचाल निव्वळ झुलण्याची नसावी : ग्लूट-३ च्या २०१५ मधील संरचनांत सातव्या व दहाव्या सर्पिलांचे तुकडे वाकून फाटकासारखे काम करताना दिसतात. ग्लूट-१ ची २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली स्फटिकसंरचना आतल्या बाजूस उघडी होती, पण त्यासाठी प्रथिनात मुद्दाम उत्परिवर्तन केलेले होते, हे विसरू नये. त्याआधी, २००३ मध्ये, ई. कोलाय जीवाणूतील लॅक्टोजवाहकाचेही आतल्या बाजूस उघडे रूपच हाती आले होते.

रिकामा वाहक भरलेल्यापेक्षा सावकाश उलटतो. म्हणूनच पलीकडे ग्लुकोज असल्यास अलीकडून होणारे वहन वेगावते. फिरत्या वाहकाच्या मतानेही हे स्पष्ट होत असल्याने केवळ वेगमापनावरून निवाडा होऊ शकला नाही.

आतड्यातील एसजीएलटी-१ हा वाहक सोडियमच्या उताराचा आधार घेऊन ग्लुकोज चढणीवर, म्हणजे कमी संहतीकडून जास्त संहतीकडे, नेतो (क्रेन, १९६०). त्याची घडण निराळ्या कुळातील आहे. इन्सुलिनामुळे ग्लूट-४ ची पटलावरील संख्या वाढते. तो विषय रूपबदलाचा नव्हे.