वैयक्तिक प्रकटीकरण (लॅटर-डे सेंट्स परंपरा)

लॅटर-डे सेंट्स किंवा मॉर्मन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथाची एक मूलभूत श्रद्धा आणि तिच्यावर उभी असलेली रोजची साधना. देव संदेष्ट्याशी बोलतो तसाच शेतकऱ्याशी, शाळकरी मुलीशी, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याशीही बोलतो. मात्र ते बोलणे ओळखू यायला शास्त्रवाचनाची सवय लागते, असे हा पंथ मानतो. मराठीत अशा अनुभवाला साक्षात्कार म्हणण्याचा मोह होतो. पण साक्षात्कार म्हटले की देव समोर उभा राहिल्याचे चित्र मनात येते. इथे बहुधा काहीच दिसत नाही. वाचता वाचता एखादी ओळ थांबवते, एक विचार सुचतो, जिवाला स्वस्थता वाटते. म्हणून मराठी बायबलातला ‘प्रकटीकरण’ हा शब्द घेतला आहे: झाकलेले उघड होणे.

पंथाची शास्त्रे चार: बायबल, बुक ऑफ मॉर्मन (१८३०; प्राचीन अमेरिकेतील संदेष्ट्यांची नोंद मानला जाणारा ग्रंथ), डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स (१८३५; प्रकटीकरणांचा संग्रह) आणि पर्ल ऑफ ग्रेट प्राइस (१८५१).

पंथाचा उगमच एका वाचनात आहे. न्यूयॉर्क राज्यातील पाल्मायरा गावाजवळ राहणारा जोसेफ स्मिथ (१८०५–१८४४) हा शेतकऱ्याचा मुलगा चौदा वर्षांचा होता, तेव्हा त्या भागात धर्मजागृतीच्या सभांना ऊत आला होता. मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट सगळेच आपापल्या बाजूला ओढत होते. त्याची आई आणि काही भावंडे प्रेस्बिटेरियन झाली. खरे कोणाचे मानावे, या प्रश्नाने तो अस्वस्थ होता. बायबल वाचताना याकोबाच्या पत्रातील पहिल्या अध्यायाचे पाचवे वचन त्याच्यापुढे आले: ज्याला ज्ञान कमी पडते त्याने देवाजवळ मागावे. ते वचन इतके भिडले की आपण पुन्हापुन्हा त्याचाच विचार करत राहिलो, असे त्याने पुढे सांगितले. १८२० च्या वसंतात तो रानात जाऊन प्रार्थनेला बसला आणि तिथे देवपिता व येशू यांचे दर्शन झाले, अशी त्याची साक्ष आहे. या दर्शनाची त्याने वेगवेगळ्या वर्षी केलेली वर्णने तंतोतंत जुळत नाहीत आणि त्यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. साधनेच्या दृष्टीने मोलाचा आहे तो त्याआधीचा क्रम. आधी खरी नड, मग वाचन, मग वाचलेल्यावर विसंबून मागणे.

हे मागणे शिकावे लागते, आणि ते कसे, हे ऑलिव्हर काउडरीच्या फसलेल्या प्रयत्नातून सर्वांत चांगले कळते. काउडरी हा तरुण शाळामास्तर. एप्रिल १८२९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील हार्मनी येथे तो स्मिथचा लेखनिक झाला. सोन्याच्या प्राचीन पत्र्यांवरचा मजकूर आपल्याला मिळाला आहे, असे स्मिथचे म्हणणे होते; त्याचा अनुवाद, म्हणजे बुक ऑफ मॉर्मन, तो तोंडी सांगे, काउडरी उतरवून घेई. आपणही अनुवाद करून पाहावा असे त्याला वाटले. परवानगी मिळाली, पण जमले नाही. त्यानंतर देवाचे उत्तर म्हणून स्मिथने जे सांगितले, ते डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्सचे नववे प्रकरण. त्याचा आशय असा: तू नुसते मागितलेस आणि मिळेलच असे धरून चाललास. आधी मनाशी नीट अभ्यास कर, मग हे बरोबर आहे का असे विचार. बरोबर असेल तर छातीत धग जाणवेल. चूक असेल तर विचार बधिर होतील आणि चुकीची गोष्ट मनातून निघून जाईल. कोरी पाटी पुढे न करता गणित सोडवून न्यायचे आणि ते तपासून मागायचे, असा मास्तरालाच कळावा असा हा धडा होता.

छातीतल्या या धगीने पुढे अनेक प्रामाणिक वाचकांना कष्टी केले आहे, कारण तसे काही आपल्याला कधी जाणवलेच नाही, अशी खंत त्यांना लागून राहते. पंथाचे एक ज्येष्ठ नेते डॅलिन ओक्स यांनी या शब्दाचा अर्थ अंगाची उष्णता असा न घेता दिलासा आणि प्रसन्न शांती असा घ्यावा, हे स्पष्ट केले. मूळ ग्रंथातही त्याला आधार आहे. त्याच महिन्यात काउडरीला देवाचे बोल म्हणून आणखी एक गोष्ट सांगण्यात आली होती: ज्या रात्री तू कळवळून प्रार्थना केलीस, त्या रात्री मी तुझ्या मनाला शांती दिली नव्हती का? म्हणजे उत्तर आधीच आले होते, ते उत्तर आहे हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. या सगळ्या विषयाचे मर्म इथे आहे.

रोजच्या व्यवहारात साधना साधी आहे. एक प्रश्न मनात धरून थोडे वाचायचे, वचनातल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहायचे, थांबायचे, प्रार्थना करायची आणि सुचेल ते वहीत लिहायचे. बुक ऑफ मॉर्मनच्या शेवटच्या अध्यायात, ग्रंथ वाचून मनन करावे आणि तो खरा आहे का हे निर्मळ मनाने देवालाच विचारावे, असे आवाहन आहे. नव्या वाचकाला मिशनरी तेच वचन दाखवतात. २०१९ पासून रविवारची उपासना तीन तासांवरून दोन तासांवर आणून शास्त्राभ्यासाचा भार घरावर देण्यात आला. लिहिण्याचे महत्त्व रिचर्ड स्कॉट या नेत्याने २००९ च्या एका भाषणात सांगितले. मेक्सिको सिटीत एका साध्या माणसाचे प्रवचन ऐकताना त्यांना काही गोष्टी स्पष्ट जाणवल्या. त्या त्यांनी टिपून घेतल्या. नंतर एकांतात बसून ते लिहीत राहिले आणि प्रत्येक वेळी विचारत गेले, अजून काही आहे का? अजून मिळत गेले.

या परंपरेतील सर्वांत हृद्य उदाहरण १९१८ चे. जोसेफ फील्डिंग स्मिथ (थोरले) तेव्हा पंथाचे अध्यक्ष होते, वय ७९. पाच वर्षांचे असताना जमावाने त्यांच्या वडिलांना ठार मारलेले. त्या वर्षी जानेवारीत कर्ता मुलगा हायरम गेला, सप्टेंबरात त्याची बायकोही गेली. बाहेर महायुद्ध चालू होते आणि इन्फ्लुएंझाची साथ पसरत होती. ३ ऑक्टोबरला सॉल्ट लेक सिटीत आपल्या खोलीत बसून ते पेत्राच्या पहिल्या पत्रातील तिसरा आणि चौथा अध्याय वाचत होते. मरणानंतर ख्रिस्ताने बंदिवान आत्म्यांना घोषणा केली, असे तिथे म्हटले आहे. त्यावर मनन करताना मृतांचा लोक आपल्याला दिसला, असे त्यांनी लिहून ठेवले. १९ नोव्हेंबरला ते वारले. हा मजकूर आज डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्सचे १३८ वे प्रकरण आहे. इतकी माणसे गमावलेला म्हातारा मेलेल्यांविषयीचेच पान उघडून बसला होता, हे ध्यानात ठेवून ते वाचावे.

अध्यक्षांना मिळालेले प्रकटीकरण सर्वांसाठी असते, इतरांचे त्यांच्यापुरते. ही मर्यादा लवकरच आखावी लागली. १८३० मध्ये हायरम पेज नावाचा अनुयायी एका दगडातून साऱ्या पंथासाठी संदेश मिळतात असे सांगू लागला आणि काउडरीसकट अनेकांना ते पटलेही. सप्टेंबरमध्ये पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथने ते अमान्य केले. आईला मुलांसाठी मार्गदर्शन मिळू शकते, शेजाऱ्याच्या संसारासाठी नाही. शास्त्राच्या विरुद्ध जाणारे ‘उत्तर’ही धरले जात नाही.

इतर ख्रिस्ती पंथांचा मुख्य आक्षेप असा, की भावना ही सत्याची कसोटी होऊ शकत नाही. मनुष्याचे हृदय कपटी आहे, असे बायबलातला संदेष्टा यिर्मया सांगतो. आक्षेप वजनदार आहे. आपल्याला हवे तेच देवाचे म्हणून ऐकू येण्याचा धोका खराच. पंथाचे उत्तर बुक ऑफ मॉर्मनमधील आल्मा या संदेष्ट्याच्या दृष्टान्तात आहे: वचन हे बी समजून पेरावे, चांगले असेल तर ते उगवेल आणि मग फळावरून ओळखता येईल.

उत्तर येतच नाही, तेव्हा काय? स्कॉट यांनी २००७ मध्ये सांगितले, की देव गप्प राहतो तेव्हा तो माणसावर भरवसा दाखवत असतो. जे योग्य वाटते ते ठरवावे आणि त्याप्रमाणे चालू लागावे; वाट चुकली असेल तर फार पुढे जाण्याआधी तो इशारा देईल.