दोघींच्या घरातली मारहाण: कायदा कुठं अडतो

सयाजीरावांनी १९३१ मध्ये बडोदा संस्थानात केलेल्या घटस्फोटाच्या कायद्याचा विषय दांडिया बाजारातल्या मराठी घरांत निघाला की आवाजात अभिमान येतो, आणि तो रास्तच आहे. हिंदू बाईला नकोशा लग्नातून सुटण्याची वाट देशभर मिळायला १९५५ साल उजाडलं. पण त्या वाटेवर पाऊल टाकायला आधी लग्न झालेलं लागतं. दोघी बायका जोडीनं राहतात आणि त्यांतली एक दुसरीला मारते, तिचा पगार काढून घेते, तेव्हा काय?

याच बडोदा जिल्ह्यात १९८७ मध्ये दोघींनी मैत्रीकरार, म्हणजे लग्नाशिवाय सोबत राहण्याचा लेखी करार, केला होता. एरवी गुजरातेत हा करार बहुधा दुसऱ्या बाईसोबत राहू पाहणाऱ्या लग्न झालेल्या पुरुषाच्या सोयीचा. या दोघींनी तो आपल्यासाठी वापरला. मात्र कराराच्या कागदानं मारहाणीपासून संरक्षण मिळत नाही.

ते २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातून मिळायला हवं होतं. त्यात तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची तो मुख्यतः ‘प्रौढ पुरुष’च. हे शब्द सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये काढले, तेही एका आई-मुलीनं मुलगा, सून आणि इतर मुलींविरुद्ध केलेल्या तक्रारीतून. म्हणजे बाईविरुद्ध दाद मागता येऊ लागली. पण नातं रक्ताचं, दत्तकाचं, एकत्र कुटुंबाचं, लग्नाचं किंवा लग्नासारखं असावं लागतं, आणि ‘लग्नासारखं’ म्हणजे दोघंही कायद्यानं लग्नाला पात्र, असं न्यायालय २०१० मध्येच सांगून बसलं होतं. २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला नकार मिळाला, आणि अर्धं उघडलेलं दार तिथंच अडलं.

अशा जोडप्यांसाठी काम करणाऱ्या संघटनांचं या मारहाणीबद्दलचं मौन मात्र कायद्यावर ढकलता येणार नाही. अमेरिकेतल्या स्त्रीवादी गटांतही ही हिंसा १९८० च्या दशकातच उघडपणे बोलली जाऊ लागली. बायका बायकांना छळत नाहीत, असं तिथं अनेकींना मनापासून वाटत होतं. आपल्याकडचं कारण वेगळं, आणि मला ते जास्त समजतं. इथलं बरंचसं काम सुरू झालं ते पळून आलेल्या जोडप्यांना घरच्यांपासून आणि पोलिसांपासून वाचवण्यातून. बडोद्यातली ‘विकल्प’ ही संस्था अशा बायकांसोबत काम करत आली आहे. शत्रू दाराबाहेर असताना आतल्या माराबद्दल बोलणं म्हणजे विरोधकांच्या हाती कोलीत. शिवाय मैत्रिणींचं वर्तुळ एकच. बैठकीला दोघी येतात, मग येणं थांबवायचं कुणी? बहुतेकदा मार खाणारीच थांबते.

२०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा धाक गेला, तरी ‘तुझ्या घरी सांगीन’ ही धमकी तितकीच चालते. कापलेले केस आणि शर्ट-पँट पाहून ‘हीच मारत असणार’ असा निवाडाही पटकन होतो. अनुभवी कार्यकर्त्या दोघींना वेगवेगळं बसवून ऐकतात. शेवटचा हात कुणी उचलला, यापेक्षा कोण कुणाला भिते आणि पैसे, फोन, किल्ल्या कुणाच्या ताब्यात असतात, हे त्या पाहतात.

साध्या मारहाणीचं कलम बाईलाही लागतं. पण नातं सांगायची हिंमत नसली, तर चौकीत ती दोन रूममेटची भांडणं म्हणून लिहिली जातात आणि आपसात मिटवायला सांगून दोघींना त्याच खोलीवर परत पाठवलं जातं.